दारूहळद आणि डाव्या पायाची करंगळी

माझ्या नोकरीला आमच्या घरात बरीच वर्षं एकच नाव होतं, ‘किटाणूंचं पाळणाघर’. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. मी कोथरूडहून रोज स्कूटरने कॉलेजात जाते, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि तासांमधून वेळ उरला तर झाडांच्या मुळा-सालींमधून काढलेली रसायनं जिवाणूंवर घालून बघते. कोण मरतंय, कोण माजतंय, एवढंच बघायचं. सासरे शाळेत गणित शिकवायचे, त्यातही भूमिती. त्यांच्या मते जगात शास्त्र एकच, भूमिती. बाकी सगळा स्वयंपाक. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की पेपरातून मान वर न करता विचारायचे, ‘काय, आज कोणाला जेवू घातलंस?’ मीही सांगायचे, आज अमुक जिवाणूला आगाराची जेली घातली, छान वाढलाय. ‘वा,’ म्हणायचे, ‘घरी भात मात्र कच्चा राहतो.’

त्यांचं चुकत नव्हतं. जिवाणूंना जेवू घालणं हा आमच्या धंद्याचा निम्मा भाग आहेच. झाकणाच्या एका चपट्या बशीत, जिला आम्ही डिश म्हणतो, आगाराची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली, जेली ओतायची. तिच्यावर जिवाणू सारवायचे, सारवल्यासारखेच, एकही जागा न सोडता. मग कागदाची टिकलीएवढी चकती आपल्या अर्कात भिजवून मधोमध ठेवायची आणि डिश उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जिवाणूंची साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती तेवढं स्वच्छ, नितळ वर्तुळ दिसतं. तिथे ते वाढले नाहीत. या वर्तुळापायी माझी तारुण्यातली वर्षं गेली. लवंग, ओवा, निर्गुडी, कडुलिंब, सगळ्यांनी कमी-जास्त वर्तुळं दिली आणि शेवटी दारूहळदीच्या मुळातून वेगळ्या काढलेल्या एका पिवळ्याधमक अंशाने असं काही वर्तुळ दिलं की मी डिश उजेडाला धरून बराच वेळ नुसतीच बघत बसले.

त्यावर आमचा एक लेख छापून आला, जो जगात मोजक्या लोकांनी वाचला असेल, आणि त्यातल्या काहींनी नाइलाजाने. पण कुठून तरी वर्तमानपत्रातल्या एका उत्साही वार्ताहराला त्याचा वास लागला. तो आला, चहा प्याला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. मी त्याला बजावून सांगितलं, हे प्राथमिक आहे. हे डिशमधलं आहे. माणसावर यातलं काहीही करून बघितलेलं नाही. तो प्रत्येक वाक्याला ‘बरोबर मॅडम’ म्हणत होता. रविवारी बातमी आली, ‘पुण्यातील प्राध्यापिकेचा शोध : दारूहळदीपुढे जिवाणू गारद’. माझी तिन्ही वाक्यं गेली होती. फोटो मात्र चांगला आला होता.

आमच्या सोसायटीच्या चेअरमननी कात्रण लॅमिनेट करून लिफ्टच्या शेजारच्या फळ्यावर लावलं. एका बाजूला ‘खडकवासला धरणातील साठा कमी असल्याने गुरुवारी पाणी येणार नाही’, दुसऱ्या बाजूला ‘पाहुण्यांनी गाड्या आत लावू नयेत’, मध्ये मी. तेव्हापासून मला पाला यायला लागला. तळमजल्यावरचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले अतिशय सज्जन गृहस्थ, यात सगळ्यांत पुढे. गावाला जाऊन आले की पिशवीभर पानं घेऊन दारात उभे. ‘वहिनी, यात काही आहे का बघा हो.’ मी बघायचे. ‘आहे,’ म्हणायचे, ‘माती आहे.’ ते हसायचे आणि पुढच्या खेपेला पानं धुऊन आणायचे.

सासऱ्यांनी ती बातमी पेन्सिल घेऊन वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग पुन्हा वाचली आणि म्हणाले, ‘हं.’ जे त्यांच्या हाताखाली भूमिती शिकले आहेत त्यांना विचारा, हे ‘हं’ मिळवायला पोरं वर्षभर झटायची. त्या दिवसापासून पाळणाघर बंद झालं. रोज सकाळी ते टेकडीवर फिरायला जात. पाऊस असो, थंडी असो, टेकडी चुकली तर त्यांना दिवस उगवलाय असं वाटत नसे. आता टेकडीवरच्या बाकावर ‘आमच्या सूनबाईंचं संशोधन’ या विषयावर त्यांचं प्रवचन सुरू झालं. पुणेकर माणूस अचानक कौतुक करायला लागला की आत काहीतरी शिजतंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण मला ते कौतुक इतकं गोड लागत होतं की विचारू नका.

शिजत होतं ते असं. त्यांनी लक्ष्मी रोडवरून टेकडीसाठी नवे बूट आणले होते. ते डाव्या पायाच्या करंगळीला लागले, फोड आला, फुटला. अंगात साखर, वय झालेलं. अशा माणसाने फोड फुटल्याबरोबर घरात सांगावं की नाही? छे. हे गेले मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात, दारूहळदीचं मूळ आणलं, देवघरातली चंदनाची सहाण घेतली आणि रोज आंघोळीनंतर आणि संध्याकाळच्या दिव्यानंतर मूळ उगाळून लेप लावायला सुरुवात केली. वर मोजा. काम अगदी शिस्तीत. शिवाय मुळाचा एक तुकडा खजिनदारांना दिला, त्यांच्या टाचेला भेग पडली होती म्हणून. संशोधनाचा प्रसार.

मला पहिल्यांदा दिसला तो मोजा. धुण्याच्या बादलीत, पिवळा डाग पडलेला. मला वाटलं आमटी सांडली. मग एका सकाळी ते हॉलमधून माझ्या शेजारून गेले आणि मला वास आला. तो वास मला नवीन नाही. इन्क्युबेटरचं, म्हणजे आमच्या उबेच्या कपाटाचं, दार उघडलं की रोज नाकात शिरतो. माझ्याच हॉलमध्ये, सोफ्याशेजारी तो आला तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून त्यांच्या मागे गेले.

मोजा काढा म्हटलं तर नाही म्हणाले. नवऱ्याला हाक मारली. माझा नवरा आयटीत आहे, दिवसभर अमेरिकेतल्या लोकांना ठणकावून सांगतो, आणि वडिलांसमोर उभा राहिला की सातवीत जातो. ‘बाबा, काढा ना,’ एवढं पुटपुटला. शेवटी मीच खाली बसले आणि मोजा ओढला. करंगळी, शेजारचं बोट, पावलाची वरची बाजू, सगळं पिवळं. लेप इतका जाड की खाली लाल आहे का काळं आहे, काही कळेना. मी करंगळीच्या बाजूला दाबलं, आधी हळू, मग जोरात.

‘दुखत नाही,’ ते विजयी मुद्रेने म्हणाले. ‘आधी दुखत होतं. आता अजिबात नाही. गुण आलाय.’

साखरेच्या रोग्याचा पाय दुखायचा थांबतो तेव्हा तो बरा झालेला नसतो. त्याची संवेदना मेलेली असते. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, पोरं लिहून घेतात. घरात सांगितलं तर सासरे म्हणाले, तुला कौतुकही सहन होत नाही.

मग आमचं जे भांडण झालं तसं भांडण मी जन्मात केलं नव्हतं, कारण समोरचा माणूस माझीच वाक्यं माझ्यावर फेकत होता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, तो काय देणार, अँटिबायोटिक. आणि आजकाल जिवाणू अँटिबायोटिकला जुमानत नाहीत, हे कोण म्हणालं? पेपरात आलंय. कोणाच्या तोंडी? मी म्हटलं, अहो, ते खरं आहे, पण म्हणून मूळ उगाळून लावा असं मी कुठे म्हटलं? तर म्हणाले, दारूहळदीने मरतात असं म्हटलंस की नाही? म्हटलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी आयुष्यभर जे सिद्ध करायला धडपडले ते खोटं पाडायला निघाले होते, आणि मला ते जमत नव्हतं. भीती तर अशी वाटत होती की रागावल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. पाय जाईल, हे एकच वाक्य डोक्यात. पाय गेला तर टेकडी गेली, आणि टेकडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसून किती दिवस काढेल, मला ठाऊक होतं.

शेवटी ते म्हणाले, ‘सिद्ध कर.’

आणि मी, प्रयोगशाळेत वाढलेली बाई, फसले. दुसऱ्या कोणत्याही घरात सुनेने रडून, नवऱ्याने उचलून, नणंदेने फोनवरून शपथ घालून म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं असतं. आमच्याकडे डिश लावायचं ठरलं. मी त्यांच्या जखमेवर कापसाचा बोळा फिरवून स्वाब घेणार, त्यांचे जिवाणू वाढवणार, माझा अंश त्यावर ठेवणार. वर्तुळ आलं नाही तर ते मुकाट्याने दवाखान्यात येणार. तोवर लेप बंद, पाय धुऊन कोरडा ठेवायचा. मला खात्री होती. अशा जखमेतले जिवाणू म्हणजे पोचलेले गुंड, ते माझ्या दारूहळदीला कसले भीक घालतात? कॉलेजातल्या आमच्या सभ्य, पाळीव जिवाणूंची गोष्ट वेगळी.

स्वाब मी घरीच, लेप जरासा बाजूला सारून घेतला; पण डिश घरी आणायची नाही असा नियम आहे, तेव्हा निकाल बघायला सासरेच रिक्षाने कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि डाव्या पायात बूट शिरेना म्हणून नवऱ्याची सैल चप्पल. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आले. स्टुलावर बसले, चौफेर बघितलं, भिंतीवर लावलेल्या तक्त्यातला कंस चुकलाय म्हणाले. मी इन्क्युबेटर उघडला. डिशमध्ये तीन चकत्या ठेवल्या होत्या. एक माझी, एक त्या अँटिबायोटिकची जे हल्ली कोणीही मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणतं, आणि एक जरा वरच्या दर्जाच्या औषधाची.

डिश उजेडाला धरली आणि मला हसावं की रडावं कळेना. मेडिकलवाल्या औषधाभोवती काहीच नव्हतं, साय अगदी चकतीला भिडलेली. वरच्या औषधाभोवती वर्तुळ होतं. आणि माझ्या चकतीभोवती होतं चंद्रासारखं गोल, स्वच्छ, मोठं वर्तुळ. इतकं सुरेख वर्तुळ मला लेखातही छापायला मिळालं नव्हतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी खोटं बोलू शकले असते. कुठली चकती कुठे आहे, त्यांना काय कळणार होतं? पण चकतीवर माझ्याच हाताने अक्षर लिहिलेलं होतं, आणि खोटं सांगायला जीभ रेटेना. मी डिश पुढे केली.

त्यांनी चष्मा वर केला, खिशातून पेन काढून वर्तुळाचा व्यास हवेत मोजल्यासारखा केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सूनबाई, अभिनंदन.’

या शब्दाची मी किती वर्षं वाट बघत होते म्हणून सांगू. लग्नानंतर पीएच.डी. झाली तेव्हा नाही, बढती मिळाली तेव्हा नाही, आणि आता मिळाला तो असा. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच क्षणी खाली माझी नजर त्या सैल चपलेकडे गेली. करंगळीचं टोक आता धुतलेलं होतं. लेप नव्हता. ते काळं होतं.

मी त्यांना समजावून सांगायला लागले. डिशमध्ये रक्त नाही, मांस नाही, बंद पडलेल्या रक्तवाहिन्या नाहीत, साखर नाही. तिथे माझा शुद्ध अंश आहे, तुमच्या सहाणेवरचं उगाळलेलं लाकूड नाही. आगारावर पसरतं ते पायात खोलवर पोचेलच असं नाही. हे सगळं बरोबर होतं आणि त्यांच्यावर काहीही परिणाम होत नव्हता. वर्तुळ समोर होतं. भूमितीचा माणूस, वर्तुळ बघितल्यावर भाषण कशाला ऐकेल?

तेव्हा मला त्यांचा वर्ग आठवला. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, पण नवऱ्याने इतक्या वेळा सांगितलंय की मीही त्या बाकावर बसल्यासारखीच आहे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सिद्ध करा म्हटलं की एखादा पोरगा कोनमापक लावून तीन कोन मोजायचा, बेरीज करायचा आणि खाली ऐटीत लिहायचा, ‘म्हणून सिद्ध झाले’.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘कोनमापक लावून सिद्धता लिहिणाऱ्या पोराला तुम्ही किती मार्क द्यायचात?’

‘शून्य.’ हे त्यांच्या तोंडून विचार न करता बाहेर पडलं.

‘का? उत्तर तर बरोबर यायचं.’

उत्तर त्यांनीच हजार पोरांना दिलेलं होतं. एक आकृती मोजली म्हणून सगळं सिद्ध होत नाही. आकृती नुसती दिसते. त्यांनी डिशकडे बघितलं, मग वाकून आपल्या पायाकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मला वाटलं आता आणखी काही पुरावा मागतील आणि माझ्याकडे तर उरलेला नव्हता.

‘रिक्षा बोलव,’ म्हणाले.

करंगळी गेली. ती आधीच गेली होती, असं सर्जन म्हणाले. आणखी थोडे दिवस हळद चढवली असती तर घोट्यापर्यंत कापावं लागलं असतं. ते शांतपणे सांगत होते आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. पाय वाचला, पण पाय वाचवण्यासाठी बोट कापलेला माणूस खाटेवर झोपलेला बघणं ही काही आनंदाची गोष्ट नसते. नवरा बाहेर जाऊन रडून आला आणि मला म्हणाला, त्यांना इथे आणणं फक्त तुलाच जमलं असतं. निघताना सर्जननी मला ओळखलं. पेपरात फोटो आला होता तो तुमचाच ना, म्हणाले. त्यांची आई सध्या गुडघ्याला दारूहळद लावते.

बरे व्हायला वेळ लागला. घरात काठी आली, खास शिवून घेतलेले बूट आले. लॅबमध्ये ते जिवाणू मी अजून गोठवून ठेवलेत; दारूहळदीचं काम सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही, कारण ते वर्तुळ खोटं नव्हतं. जिवंत मांसात ते कसं पोचवायचं एवढंच राहिलंय, आणि ते ‘एवढंच’ कदाचित माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल. सासरे आता संध्याकाळी विचारतात, ‘काय, आमचा बदमाश कसा आहे?’ मी सांगते, ठणठणीत आहे.

पहिल्यांदा लिफ्टने खाली उतरले त्या दिवशी फळ्यासमोर थांबले. माझं कात्रण अजून तिथेच होतं. चेअरमननी काढलं नव्हतं, मलाही काढायचं सुचलं नव्हतं. ते वर आले, जुन्या उत्तरपत्रिकेचा कोरा भाग कापला, टोकदार अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पुन्हा खाली गेले. मी मागोमाग गेले तेव्हा कात्रणाखाली टाचणीने लावून झालं होतं :

‘वरील प्रयोग बशीत यशस्वी झाला आहे. पायावर झालेला नाही. पाय पाहावयाचा असल्यास तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत दाखवण्यात येईल.’

सोसायटीत हसाहस झाली. मुलांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. चेअरमन म्हणाले, काका बरे झाले म्हणायचे. पहिल्या दिवशी पाच वाजता सासरे हॉलमध्ये खुर्ची मांडून बसले, सहाला उठले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. म्हटलं, बाबा, लोकांना गंमत वाटली असेल. ते म्हणाले, वर्गात एक पोरगा तरी येतोच.

त्यानंतर एका संध्याकाळी बेल वाजली. तळमजल्यावरचे खजिनदार. हातात आज पाल्याची पिशवी नव्हती. तुम्हाला भेटायला आलो, तब्येत कशी आहे, असं काहीतरी म्हणाले आणि सोफ्याच्या अगदी टोकाला बसले. सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली, वाकले, डावा मोजा काढला आणि पाय स्टुलावर ठेवला. करंगळीच्या जागी शिवणीची गुळगुळीत रेघ. खजिनदारांनी ती बघितली. बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या पँटचा पायचा वर सरकवला. त्यांच्या मोज्याच्या टाचेला पिवळा डाग होता.

‘दुखतं का?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘आता नाही,’ ते म्हणाले. ‘आधी दुखायचं.’

सासरे उठले. काठी घेतली, बूट शोधायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘रिक्षा बोलव. मी जातो यांच्याबरोबर.’